मी आलो काकू

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, घरी शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म असलं सगळं, आणि आमचे हे उद्यमनगरात लेथवर असतात. पण मला इथं रेडिओवर बोलावलंय ते शिवणकामावर बोलायला नाही, आमच्या घरात फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळ सांभाळायला, जी पोरं राहून गेली आणि आत्ता राहताहेत त्यांच्याबद्दल बोलायला. दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. एक म्हणजे पोरांची नावं मी सांगणार नाही. बाल न्याय कायदा आहे २०१५ चा, त्याच्या ७४ व्या कलमात स्पष्ट आहे, अशा मुलांचं नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही जाहीर केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. म्हणजे ते व्हॉट्सॅपवर 'बघा बिचारं अनाथ लेकरू' म्हणून फोटो फिरवतात ना, ते पण जरा जपून. तेव्हा मी आपलं पहिला, थोरली आणि धाकटा असंच म्हणणार.

दुसरं म्हणजे इथल्या मॅडमनी मला बजावलंय, की रेडिओवर 'मी सांगतो' म्हणायचं नाही, 'सांगते' म्हणायचं. आमच्या कोल्हापुरात बायका पण 'मी जातो', 'मी जेवलो' असंच म्हणतात, हे बाहेरच्यांना फार गमतीचं वाटतं, आम्हाला काहीच वाटत नाही. मध्येच तोंडातून गेलं तर सांभाळून घ्या.

आता कपिलतीर्थ मंडईत भाजीला गेलं की कोण ना कोण विचारतंच, वहिनी पोरं कुणाची? सांभाळायला आहेत, रीतसर ऑर्डर आहे, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. आणि उद्या घेऊन गेले तर? मेथीची जुडी हातात धरून किती वेळा ऐकलाय हा प्रश्न. अहो घेऊन जाणारच की! त्यासाठीच तर ठेवून घेतलीत.

लोकांना दत्तक माहिती आहे. कोल्हापूरला तर दत्तक काय असतं ते सांगायलाच नको, आपले शाहू महाराज म्हणजे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, आई लहानपणीच गेलेली, १७ मार्च १८८४ ला आनंदीबाईसाहेबांनी दत्तक घेतलं, दहावं वर्ष चालू होतं तेव्हा. नाव बदललं, घराणं बदललं, पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण फॉस्टर केअर, कागदोपत्री त्याला प्रतिपालकत्व म्हणतात, ते असलं नव्हे. यात पोराचं नाव तेच, आडनाव तेच, आई असली तर आई पण तीच. आपण फक्त मधल्या वर्षांचे. आणि 'अनाथ' हा शब्द पण जरा बाजूला ठेवा, कारण ज्यांचे आईबाप दोघंही गेलेत अशी पोरं त्यात थोडी असतात. बाकीच्यांचं कुणीतरी असतं, पण ते दारूत असतं, आजारी असतं, तुरुंगात असतं, नाहीतर दुसरा संसार थाटून मोकळं झालेलं असतं.

आम्ही यात कसे पडलो, तर आमचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि घर एकदम गप्प झालं. हे म्हणाले कुत्रं पाळूया. मी म्हटलं कुत्र्याच्या आधी चौकशी करून येऊ, कारण माझ्या एका गिऱ्हाइकाकडनं कानावर आलं होतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलो, अर्ज, पोलीस व्हेरिफिकेशन, डॉक्टरचा दाखला, उत्पन्नाचे कागद, आणि मग घर बघायला एक ताई आल्या. अक्षरशः मुलगी बघायला आल्यासारखं! मी पोहे केलेले. त्यांनी पोह्यांकडं बघितलंच नाही, संडासाची कडी आतनं लागते का ते बघितलं, गच्चीचा कठडा बघितला, आणि ह्यांना तोंडावर विचारलं, दारू किती पिता? हे लाजून म्हणाले, गटारीला. तेही लिहून घेतलं. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरंच आहे, परक्याच्या घरात पोर सोडायचं तर एवढं बघायलाच पाहिजे. ऑर्डर बालकल्याण समितीची असते आणि नंतर पण सोडत नाहीत, दर महिन्याला येऊन पोराचं कसं चाललंय ते बघायचं असं कायद्यातच आहे. कुणी 'तुम्ही म्हणजे यशोदा हो' म्हणालं की मला हसू येतं, यशोदेच्या घरी कुणी संडासाची कडी बघायला आलं नव्हतं.

पहिला आला तेव्हा नऊ वर्षांचा होता, साडेचार वर्षं संस्थेत काढलेली. संस्थेला मी नावं ठेवत नाही, तिथल्या बायका पण जीव लावतात, पण एकेका बाईच्या वाट्याला किती पोरं? त्याला पाणी प्यायला पण विचारायची सवय. "काकू, पाणी पिऊ?" दिवसातनं दहादा. मी म्हणायची माठ तिथं आहे, घे की. तरी विचारायचा. आणि स्वयंपाकघर म्हणजे त्याला नवलाईच होती, त्याला जेवण ताटात आलेलं माहिती, कच्ची डाळ आणि शिजलेली डाळ एकच असते हे त्यानं आमच्याकडं बघितलं, कुकरची शिट्टी झाली की पळत येऊन उभा राहायचा. तरी शिट्टीच्या आवाजानं धास्तावायचा आधी, महिनाभर.

मी त्याला चड्डी-शर्ट शिवायला घेतला. टेप लावला तर अंग चोरून उभा. त्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं, देणगीचे कपडे यायचे ते ढिगातनं, जे येईल ते घालायचं, मोठं झालं तर दोरी, लहान झालं तर दुसऱ्या बारक्या पोराला. माप वहीत लिहिलं, छाती, कंबर, उंची, वर त्याचं नाव. ते त्यानं वाचलं आणि मग काय, दर रविवारी टेप घेऊन हजर. "काकू, माप घ्या." अगं बाई, आठ दिवसांत काय वाढणार आहेस तू? पण घेत होते. हे म्हणायचे लेथवर जॉबचं रीडिंग पण आम्ही इतक्या वेळा घेत नाही.

चौदा महिन्यांनी त्याच्या आजीचा पत्ता लागला, आईची आई, गडहिंग्लजकडची. शेत होतं थोडं, मामा होता, दोघांनाही पोर पाहिजे होतं, त्यांना कुणी कळवलंच नव्हतं इतकी वर्षं. समितीनं दोनतीनदा भेट घडवली आणि मग तारीख ठरली. मी त्याची पिशवी भरली. आजी एकदम सरळ बाई, डोक्यावर पदर, येताना माझ्यासाठी नाचणी आणली होती दोन किलो, आणि जाताना माझा हात धरून काहीतरी बोलायला गेली आणि बोललीच नाही. जीप वळली आणि मी तिथंच पायरीवर बसून रडलो. रडले. जाऊ दे, रडलोच म्हणतो.

दोन महिने मशीनला हात लावला नाही नीट. हे खोटं कशाला सांगायचं? जे म्हणतात ना, की मन घट्ट करायचं, लळा लावायचा नाही, त्यांना माझं म्हणणं एवढंच की लळा न लावता सांभाळलं तर ते आणि बोर्डिंग सारखंच. आता बोर्डिंगचं आपल्या गावाला वाकडं वाटायचं कारण नाही, १९०१ ला महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगच बोर्डिंग, त्यातनं किती माणसं शिकून वर आली. पण ती शिकायला आलेली पोरं होती, सुट्टी लागली की जायला गाव होतं. ज्याला सुट्टीत जायला कुठंच नाही त्याचं बोर्डिंग वेगळं.

ट्रेनिंगला आम्हाला एक गोष्ट सांगितली होती ती डोक्यात बसलीय. रोमानियात, बुखारेस्टला, २००० च्या सुमाराला अमेरिकन संशोधकांनी अनाथालयातली १३६ बाळं निवडली, सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंतची, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी पालक कुटुंबांत दिली, निम्मी होती तिथं राहिली. कुटुंबात गेलेली बुद्धीनं, बोलण्यात, माणसाला बिलगण्यात पुढं निघाली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली तर जास्तच. जेवण दोन्हीकडं होतं, छप्पर दोन्हीकडं होतं. फरक काय, तर रात्री रडलं की तेच ओळखीचं माणूस उठतंय का.

तर मग थोरली आणि धाकटा. बहीणभाऊ, मराठवाड्यातले, ऊसतोडीला आलेल्या घरातले. बाप फडावरच गेला, आईचं डोकं ताळ्यावर राहिलं नाही, ती दवाखान्यात, आणि पोरं टोळीतल्या लोकांच्या खोपीत, आज ह्याच्याकडं भाकरी उद्या त्याच्याकडं. कुणीतरी शहाण्या माणसानं १०९८ ला, म्हणजे लहान मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. तो नंबर पाठ करून ठेवा, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. पोर सापडलं की चोवीस तासांच्या आत समितीपुढं न्यायचं असतं. बहीणभाऊ शक्यतो एकत्र ठेवायचे असं पण कायद्यात आहे, म्हणून एकाची तयारी केलेल्या आमच्या घरी दोघं आली.

थोरली तेव्हा दहा वर्षांची, पण वागायला चाळीसची. धाकट्याला मला हात लावू द्यायची नाही, तिनंच भरवायचं, तिनंच धुवायचं, रात्री त्याच्या सदऱ्याची कड मुठीत धरून झोपायची. मी पहिले पंधरा दिवस नुसती बघत बसले. आणि आल्या दिवशी मी ह्यांना हाक मारून म्हणाले, अहो मी जरा बाजारात जाऊन येतो, तर ही माझ्याकडं बघायला लागली आणि तोंड उघडून पहिलं वाक्य बोलली ते हे, "काकू, तुमी बाई हायत का बाप्या?" हे चहा पीत होते, तो चहा शर्टावर.

सगळं असं हसण्यासारखं नव्हतं. ह्यांच्या खिशातनं पन्नास रुपये गेले, मग परत पन्नास. मला माहिती होतं कोण ते. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण हे म्हणाले थांब. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक डबा आणला, त्यात शंभर रुपये सुट्टे घातले आणि तिला म्हणाले, हे तुझ्या ताब्यात, घरात दूध-ब्रेड लागलं की तू आणायचं, हिशोब सांगायचा. मला काळजीच होती. सहा महिने झाले, त्यात अजून दोन रुपये पण कमी आले नाहीत, उलट दुकानदारानं सुट्ट्याऐवजी चॉकलेट दिलं म्हणून परत जाऊन भांडून आली. कोल्हापूर अंगात भिनायला लागलं म्हणायचं!

शाळेचं मात्र डोकं फिरवलं. एका शाळेत, नाव नको, क्लार्क म्हणतो वडिलांना घेऊन या. वडील नाहीत. मग आईला. आई दवाखान्यात. मग तुम्ही कोण? ऑर्डर दाखवली तर म्हणतो असली ऑर्डर मी कधी बघितली नाही. हे सगळं पोरांच्या समोर, मोठ्यानं. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक बाईंनी दोन मिनिटांत प्रवेश दिला. तेव्हा ज्यांचा कुणाचा शाळेशी संबंध आहे त्यांना सांगणं आहे, असले प्रश्न निदान पोराला बाहेर बसवून विचारा.

आता ज्यांना खरंच करायचंय त्यांच्यासाठी पटपट सांगते. २०२४ ला केंद्राच्या नवीन सूचना आल्या, आता एकटी व्यक्ती पण फॉस्टर पालक होऊ शकते, लग्न न झालेली, विधवा, घटस्फोटित, वय ३५ ते ६०, फक्त एकट्या पुरुषाला मुलगाच मिळतो, मुलगी नाही. ज्या पोराचं खरंच कुणी नाही त्याला दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक मागता येतं, आधी पाच वर्षं थांबायला लागायचं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतनं मुलामागं महिन्याला चार हजार मिळतात, ते पैसे पोराचे, आपले नव्हेत. आणि तुमच्या शेजारी एखादी आजी नाहीतर मावशी आईबाप नसलेलं पोर सांभाळत असेल तर तिला सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना सांगा, महिन्याला २२५० रुपये, २०२३ पासून वाढवलेत. कितीतरी आज्यांना हे माहितीच नाही, त्या धुणीभांडी करत बसतात आणि शेवटी नाइलाजानं पोर संस्थेत सोडतात.

पहिला अजून जोतिबाच्या यात्रेला येतो मामाबरोबर. गुलाल अंगावर तसाच, पायरीवर उभा राहून आधी काय म्हणतो तर, काकू टेप कुठाय? वहीत त्याचं पान तेच आहे, आता माझ्या खांद्याच्या वर गेलाय.

आणि आमची थोरली. गेल्या पावसाळ्यात शाळेतनं भिजून आली, दप्तर दारात टाकलं आणि आतनं मी कोण म्हटलं तर ओरडली, "मी आलो काकू!" मी भाकरी थापत होतो, हात तसाच राहिला परातीत.

आईची तब्येत आता बरी आहे, औषधं चालू आहेत, महिन्यातनं एकदा ऑफिसात भेट होते. पहिल्या भेटी फार अवघड गेल्या, आई भिंतीकडं बघत बसायची, धाकटा माझ्या मागं लपायचा. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा आईनं थोरलीला विचारलं, जेवलीस का गं? ही सरळ म्हणाली, "व्हय, मी जेवलो." आईनं मान वर केली. पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंडाला पदर लावून जी हसायला लागली, खांदे हलायला लागले तिचे. "ह्ये काय बोलायलीस गं, पोराला घालवलं व्हतं का पोरीला?" धाकटा माझ्या मागनं बाहेर आला, आई कशाला हसती ते बघायला, आणि तिच्या मांडीवर जाऊन बसला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि वेळ संपली म्हणायचं राहूनच गेलं त्यांचं.