अंगठा नको, तळहात लाव

नमस्कार श्रोते मंडळी. मंगळवार, संध्याकाळचे साडेसात, म्हणजे तुमच्याकडे एकतर कुकर लागला असणार नाहीतर कोणीतरी टीव्हीचा आवाज बारीक करून "बघू आज काय बडबडतोय" म्हणत असणार. बडबड दहा मिनिटांचीच आहे, काळजी नसावी. आज विषय मालिश. मी रीतसर शिकलोय बरं का, चार महिन्यांचा कोर्स, सर्टिफिकेट आहे, फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय कारण सून म्हणाली हॉलमध्ये नको.

आता मालिश म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात. एक म्हणजे बाळंतिणीकडे येणारी मावशी, पाय पसरून त्यावर बाळाला आडवं घालणारी. आणि दुसरी ती, जिचं नाव निघालं की लोक एकमेकांकडे बघून गालात हसतात. मी ऑफिसातल्या जुन्या दोस्ताला सांगितलं की मालिश शिकतोय, तर हा म्हणतो, "काय रे, या वयात?" आणि असा हसला की मी फोनच ठेवून दिला.

हे हसणं आजचं नाही. तिकडे इंग्लंडमध्ये १८९४ साली हीच बोंब झाली होती, मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात म्हणून, आणि जे खरोखर काम करत होते त्यांची पंचाईत. तेव्हा चार नर्सबाया एकत्र आल्या आणि त्यांनी शिकलेल्या मालिशवाल्यांची एक संस्था काढली, परीक्षा ठेवल्या, नियम केले. तिथली फिजिओथेरपीची जी मोठी संस्था आहे ना आज, ती याच संस्थेतून झालेली. म्हणजे बघा, ज्या फिजिओकडे आपण गुडघा घेऊन नंबर लावतो त्याची आजी मालिशवालीच निघाली.

आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ ला, आर्थर पिअर्सन नावाच्या माणसाने लंडनला सेंट डन्स्टन्स म्हणून जागा काढली, लढाईत डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. हा स्वतः पेपरवाला, आणि याचीही दृष्टी गेलेली. तिथे त्या पोरांना टोपल्या विणणं, कोंबड्या पाळणं, टायपिंग असं काय काय शिकवायचे, आणि मालिशसुद्धा. मग हीच पोरं हॉस्पिटलात जाऊन दुसऱ्या जखमी सैनिकांचे हातपाय चोळून द्यायची. हे मी उगाच नाही सांगत, आमच्या बॅचला एक पोरगा होता, वाशिमकडचा, जन्मापासून दिसत नाही त्याला, आम्ही त्याला बारक्या म्हणतो. तो पुढे येणारे गोष्टीत.

मी तिथे कसा पोचलो ते पटकन सांगतो. हिला जाऊन तीन वर्षं झालेली. माझा डावा खांदा धरला होता, शर्ट घालताना आईगं व्हायचं. फिजिओथेरपी झाली, खांदा सुटला, पण तिथल्या बाई म्हणाल्या, काका तुम्हाला एवढे प्रश्न पडतात तर शिकूनच या ना. मुलानेही धोशा लावला, त्याला काय, बाबा घराबाहेर पडले की बरं. गेलो. पुण्यात, एका इमारतीचा दुसरा मजला, खाली झेरॉक्सवाला. आम्ही नऊ जण. एक रिटायर्ड नर्स, एक गुडघा गेलेला पैलवान, पार्लरमध्ये काम करणाऱ्या दोन पोरी, बारक्या, मी, असे. शिकवायला सर, तेही तालमीतले, लंगोट सोडला पण तेल नाही सोडलं म्हणायचे. बायकांसाठी मॅडम वेगळ्या, मधे पडदा.

तिथला नियम एकच, जो देतो त्याने घ्यायचंही. मला वाटलं देणं अवघड असेल. छे. अवघड घेणं. पहिल्याच दिवशी मी आडवा झालो, बारक्याने माझा हात उचलला, आणि म्हणाला, "काका, हात तुम्हीच उचलताय. सोडा." मी म्हटलं सोडलाय. "नाही सोडलेला." खरंच नव्हता सोडलेला. आपला हात दुसऱ्याच्या हातात जड सोडून द्यायचा, एवढंच, आणि ते मला आठवडाभर जमेना. मग लक्षात आलं की तीन वर्षांत मला हात लावला तो फक्त न्हाव्याने आणि बीपी बघणाऱ्याने. नातू आहे, पण तो बंगलोरला.

बरं, आता काय शिकलो ते. नीट ऐका, दोनदा सांगतो. पायाला तेल लावताना हात खालून वर, तळपायाकडून मांडीकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने. खालून वर. जोर वर जाताना, परत येताना हात नुसता टेकलेला. दुसरं, आणि हे महत्त्वाचं आहे, एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल, तर हात लावायचा नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळून ती सुटली तर जिवावर बेतेल. एक पाय, सूज, गरम, दुखतोय, तर तेल बाजूला आणि डॉक्टर. झालं. तेल कुठलं, तर घरात असेल ते, तीळ, खोबरेल, काय असेल ते. ते लाकडी घाण्याच्या नावावर तिप्पट भाव लावतात ना हल्ली, आणि बाटलीवर बैलाचं चित्र, आत मशीनला मोटार, त्यावर मी एकदा वेगळं बोलणार आहे, आज नको, डोकं फिरतं.

आज मला सासवडचं सांगायचंय.

तर कोर्सचा शेवटचा महिना, ज्येष्ठ महिना संपत आलेला. सर म्हणाले परीक्षा वर्गात नाही घ्यायची, सासवडला घ्यायची. तुम्हाला माहितीये, माऊलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते आणि मग एका दिवसात हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला. सगळ्या वारीतली ही चाल मोठी, तीसेक किलोमीटर, वर घाट. सासवडलाही दोन मुक्काम. म्हणजे मधल्या दिवशी गावात सगळे पाय दुखणारे. (घाटाचे फोटो सगळे काढतात हो, ड्रोन काय, रेनकोट घातलेले कॅमेरे काय, वळणावर पांढरी रांग छान दिसते. दुसऱ्या दिवशीच्या टाचा कोणी काढत नाही.) आम्ही एका शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, बादल्यांत कोमट पाणी, तेलाचे डबे, जुने पंचे. एका टोकाला मॅडम आणि बायका, दुसऱ्या टोकाला आम्ही.

पहिलेच आले एक आजोबा, धोतर गुडघ्यापर्यंत, गळ्यात तुळशीमाळ. बारक्यासमोर बसले. आता मालिश पायापासून सुरू करायची तर आधी पायाला हात लागणार. आणि वारीत कोणी पायाला हात लावला तर समोरचा काय करतो? तोही वाकतो. माऊली म्हणतो आणि तुमच्या पाया पडतो. बारक्या खाली वाकला, त्याच क्षणी आजोबा खाली वाकले, आणि बारक्याला काही दिसायचा प्रश्न नाही. टाळ वाजल्यासारखा आवाज झाला. टण्ण. दोघं कपाळ धरून बसले. बारक्या म्हणाला, "माऊली, चुकलं," आणि माफी मागायला परत पायाला हात लावला, आजोबा परत वाकले, परत टण्ण! व्हरांडा नुसता लोळायला लागला. पैलवान तर खांबाला धरून हसत होता. शेवटी सरांनी फतवा काढला, आधी सगळ्यांनी उभ्याउभ्या एकमेकांच्या पाया पडून घ्यायचं, हिशोब पूर्ण करायचा, मग बसायचं आणि मग तेल. त्यानंतर रांग सुरळीत.

दोन वाजता बसलो होतो. एका काकांची पोटरी तशी निघाली, एकच पाय, फुगलेला, गरम, त्यांना हात न लावता सरांनी सरळ डॉक्टरांच्या तंबूकडे नेलं, ते रागावले माझ्यावर, सगळ्यांना तेल आणि मला नाही का. असो. साडेचारपर्यंत माझे किती पाय झाले मोजले नाहीत पण उजवा अंगठा ठणकायला लागला. वर्गात सर शंभरदा ओरडायचे, अंगठा वापरू नका, अंगठ्याचा सांधा एवढुसा, तळहाताची टाच लावा, कोपर सरळ ठेवा, आणि अंगाचं वजन जाऊ द्या. ऐकतोय कोण. अंगठ्याने दाबलं की वाटतं आपण काहीतरी केलं.

तेवढ्यात एक आजी येऊन बसल्या. परभणीकडच्या, दिंडीत आलेल्या. मी म्हटलं आजी, बायकांचं तिकडे. तर म्हणे, "तिकडं लय लाइन हाय, आन तू माझ्या धाकट्या भावाएवढा, मला काय धाड भरलीय." बसल्या. मी सुरू केलं. दोन मिनिटं गेली असतील, त्यांनी पायच ओढून घेतला.

"हे काय करायलास रं? अंगठा खुपसायलास नुसता. कणिक अंगठ्यानं मळतेत का?"

मी म्हटलं, मी कणिक मळत नाही.

"मग कोण मळतंय?"

म्हटलं, डबा येतो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अंगठ्याकडे बघितलं, तो चांगला टम्म झालेला. आणि माझा हात घेतला. पिशवीतून स्वतःची बाटली काढली, करंजाचं तेल होतं, वासावरून कळतं, आणि मनगटापासून जे सुरू केलं ते कोपरापर्यंत, तळहाताच्या टाचेने, कणकेला देतो तसा रेटा, मागे घेतला, परत रेटा. चाळीस वर्षं गावातली पोरं न्हाऊ घातली म्हणाल्या, बाळंतिणी शेकल्या, पण अंगठा कधी वापरावा लागला नाही. माझ्या मागे रांग खोळंबलेली, कोणीतरी ओरडलं, "माऊली, आवरा की." आजींनी मान पण वर केली नाही. विचारलं, "घरी कोण हाय?"

म्हटलं, आता कोणी नाही.

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. बिचारा वगैरे काही नाही. हा हात खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दे, तो बी दे."

दिला. आणि सांगतो तुम्हाला, मंडळी, तो हात मी नाही उचलला. तो त्यांनीच उचलला, मी सोडला होता. बाजूला बारक्या दुसऱ्या कोणाचे पाय चोळत होता, त्याला कसं कळलं कोण जाणे, म्हणाला, "काका, आज सुटला."

नंतर आजी उठल्या आणि पलीकडे मॅडमच्या रांगेत जाऊन पदर खोचून कामालाच बसल्या. अंधार पडेपर्यंत त्यांनी बायकांचे पाय चोळले, आणि आमच्या पार्लरच्या पोरींना सांगत होत्या, कोपर सरळ, कोपर सरळ. सर आमच्याकडे बघून म्हणाले, मी काय वेगळं सांगत होतो चार महिने? जाताना आजी बाटली माझ्या सतरंजीवर ठेवून गेल्या. अर्धी होती. नाव विचारायचं राहिलं, कारण तिथे सगळ्यांना माऊलीच म्हणतात, ही एक गैरसोय आहे वारीची, मी आधीही म्हणालोय.

कोर्स संपला पण आम्ही नऊ जण अजून भेटतो, दर गुरुवारी, पैलवानाच्या घरी, कारण त्याच्याकडे टेबल आहे. आलटून पालटून, एकाने द्यायचं एकाने घ्यायचं, मग चहा, मग भांडणं, बहुतेक तेलावरून. नर्सबाईंच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा हळद आम्हीच दळून आणली. डबा मी बंद केलाय. कणिक मळतो, पोळी अजून नकाशाच होते, पण कणिक चांगली होते असं सून म्हणाली आणि ती उगाच म्हणत नाही.

तेल किती गरम करायचं, लहान मुलांना कसं लावायचं, हे सगळं आज राहिलं, मला काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं नाही, आवरा असं. एवढं मात्र परत ऐका, खालून वर. एक पाय, सूज, गरम, तर डॉक्टर. आणि अंगठा नको, तळहात.

हां, आणि ते आजोबा. पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो सासवडला, तोच व्हरांडा. ते आले आणि लांबूनच ओरडले, "ते टकराचं पोरगं कुठंय?" बारक्याने आवाजावरून ओळखलं, उभा राहिला. दोघांनी आधी आपापल्या कपाळावर हात धरला आणि मग वाकले.