शुक्रवार संध्याकाळ, पाच वाजता: न्यूयॉर्कचं सीबीएस-एफएम

(दृश्य: एम्पायर स्टेट बिल्डिंग, खालून वर)

ही एम्पायर स्टेट बिल्डिंग, हिच्या शेंड्यावरून न्यूयॉर्कची बरीचशी एफएम स्टेशनं प्रसारित होतात, त्यातलंच एक १०१.१, सीबीएस-एफएम. ७ जुलै १९७२ पासून इथे एकच धंदा, ओल्डीज, म्हणजे जुनी गाणी आणि ती लावणारे तेवढेच जुने डीजे. कझिन ब्रुसीचा आवाज तर लोकांनी शाळेत असल्यापासून ऐकलेला, आधी दुसऱ्या स्टेशनवर आणि मग इथे.

आता ही तारीख बघा. ३ जून २००५, शुक्रवार, संध्याकाळी पाच. जुन्या जमान्यातला गायक फ्रँक सिनाट्राचं गाणं संपतं, थोड्या वेळाने बीस्टी बॉईज हा रॅप करणारा ग्रुप सुरू. स्टेशनचं नाव जॅक. डीजे एकही नाही, नुसता एक रेकॉर्ड केलेला खवचट आवाज, जो सांगतो की आम्हाला वाटेल ते आम्ही वाजवणार. ना निरोप ना काही. आपल्याकडे एखाद्या रात्री छायागीत लागायच्या वेळी विविध भारतीच गायब व्हावी, तसं. खुद्द न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांनी शिवी हासडली, म्हणाले परत हे स्टेशन ऐकणार नाही.

(दृश्य: टेबलावर कागदी डायरी, पेन)

हे केलं कशासाठी, तर ह्या वहीसाठी. आर्बिट्रॉन कंपनी घरोघरी अशा डायऱ्या पाठवायची, गुरुवार ते बुधवार एक आठवडा, बारा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाने आपापली भरायची, कुठलं स्टेशन, किती ते किती, घरी की गाडीत. पंधरा मिनिटांच्या खणात पाच मिनिटं ऐकलं तरी तो खण तुमचा. आणि लिहायचं सगळं आठवून, म्हणजे ज्याचं नाव तोंडात बसलंय त्याला फायदा, हे ध्यानात ठेवा. ह्या वह्यांवरून रेटिंग आणि रेटिंगवरून जाहिरातीचा दर. आता गंमत अशी की सीबीएस-एफएमला ऐकणारे कमी नव्हते, पण जाहिरातवाल्यांना हवे असतात २५ ते ५४ वयाचे, आणि ओल्डीजवाले दरवर्षी एक-एक करून ५५ ओलांडत होते. ५५ चा माणूस साबण, गाडी विकत घेत नाही असं कोणी ठरवलं देव जाणे.

जॅक हा डीजेविना काहीही वाजवण्याचा प्रकार २००२ ला कॅनडात, व्हँकुव्हरमध्ये गाजला होता. सीबीएस-एफएमच्याच मालक कंपनीने तो २००५ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसलाही आणला, तिथे चालला सुद्धा. पण तिथे आधी क्लासिक रॉक होतं, ओल्डीज नव्हतं, हा फरक मला फार मोठा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये तेहतीस वर्षांचे ऐकणारे उठून गेले आणि त्यांच्या जागी तेवढे नवीन आलेच नाहीत, रेटिंग पडलं, पडलेलंच राहिलं, डीजेंच्या नोकऱ्या तर पहिल्याच दिवशी गेल्या होत्या.

(दृश्य: रेडिओचा डायल, १०१.१ वर हात)

१२ जुलै २००७, दुपारी एक. जॅक बंद. सीबीएस-एफएम परत, जुने काही डीजेही परत. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वह्या जाऊन पेजरएवढं मीटर आलं, ते कमरेला लावायचं, गाण्यात लपवलेला, कानाला न कळणारा कोड ते आपोआप पकडतं, आठवायची भानगडच नाही. त्या मीटरवरही स्टेशन वरच्या नंबरांत.

अर्थात आलं ते जसंच्या तसं नाही. परत आलं तेव्हा भर होता साठच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या गाण्यांवर, पन्नासच्या दशकातली गाणी जवळजवळ काढूनच टाकली, म्हणजे वयाचं गणित शेवटी जाहिरातवाल्यांचंच राहिलं. आणि कझिन ब्रुसी तोवर सॅटेलाइट रेडिओवर जाऊन बसला होता, तो काही परत आला नाही.