क्रँकचा हब हलत नाही तेव्हा

(दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट. अंगणात बॉनेट उघडलेली जुनी डिझेल जीप, चाकांना ठोकळे.)

पूर्व भागात 'क्रँक' म्हटलं की आधी माग आठवतो. शाफ्टला धरून बसलेली पुली इथे नवी नाही. मागावर अशी पुली चार ठोके देऊन निघूनही येते. इंजिनावर मात्र तो हातोडा महागात पडतो.

या जीपचं पुढचं ऑइल सील गळतंय. सील म्हणजे रबराचं एक कडं, पण ते हबच्या मागे. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, म्हणजेच शाफ्ट, आणि हब म्हणजे त्याच्या टोकावर घट्ट बसलेल्या पुलीचा मधला भाग. रेडिएटर आणि फॅनबेल्ट काढले, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. आता मधला बोल्ट.

गाडी टॉप गिअरमध्ये, आणि ब्रेकवर एकाचा पाय. पहिला गिअर का नाही? कारण पहिल्या गिअरमध्ये क्रँकवरचा जोर चाकापर्यंत कितीतरी पट वाढून पोचतो आणि ब्रेकला तो धरवत नाही. बोल्ट 200 न्यूटन मीटरने आवळलेला असेल, तर एक मीटरच्या पाइपवर साधारण 20 किलोचा भार पुरतो. गंजलेल्याला जास्त. पाना बोल्टला अडकवून स्टार्टर मारायची युक्ती काही जण सांगतात. पाना सुटला तर हात मोडतो. ती युक्ती विसरलेलीच बरी.

(दृश्य : बोल्ट बाहेर. हब जागचा हललेला नाही.)

इथे हात शिवशिवतात. कुणी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून उचकटतो, कुणी तीन पायांचा पुलर, म्हणजे स्क्रू आवळून ओढणारं साधन, पुलीच्या बाहेरच्या कडेला अडकवतो. अशा बहुतेक पुल्या दोन तुकड्यांच्या असतात : आत हब, बाहेर जड कडं आणि मध्ये कंपनं शोषणारं रबर. बाहेरून ओढलं की रबर सुटतं. कडं जरासं फिरलं तर त्यावरची टायमिंगची (इंजिनात डिझेल कधी फवारायचं त्याची) खूणही सरकते आणि पुढे टायमिंग लावणाऱ्याला चूक सापडत नाही. शाफ्टच्या टोकावर घण घातला, तर धक्का थेट थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे शाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकतीवर, जातो.

म्हणून ओढायचं ते हबलाच. हबमध्ये आट्यांची भोकं असतात, बहुधा 8 मिलीमीटरच्या बोल्टची. पुलरची पाटी तिथे कसायची. बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा हवा आणि किमान 12 मिलीमीटर आटे आत जायला हवेत. कमी गेले तर हब जागेवरच राहतो आणि आटे हातात येतात. पाटी तिरकी नको, तिन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजा. पुलरचं टोक शाफ्टच्या आट्यांवर टेकवू नका. मध्ये लोखंडी टोपी ठेवा. लेथवर करून घेताना तिचा व्यास शाफ्टपेक्षा थोडा कमी ठेवायला सांगा, म्हणजे हब तिच्यावरून सरकून येतो.

स्क्रूला ग्रीस लावून आवळा. जड झाला की थांबा. सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारा आणि ताण तसाच ठेवून रात्रभर सोडा. बरेचदा सकाळी पाव फेरा दिला की 'टक्' आवाज येतो.

नाही आला, तर उष्णता. आधी तेल पुसून घ्या, ते पेट घेतं. मग हीट गन हबच्या मधल्या भागावर, रबरापासून लांब. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात लोखंडाला हात लाववत नाही, पण त्या उन्हाचा इथे उपयोग शून्य : हब आणि शाफ्ट दोन्ही सारखेच तापतात. हवा असतो तो फरक. 30 मिलीमीटरचं भोक शाफ्टपेक्षा 60 अंशांनी जास्त तापलं, तर सुमारे दोन शतांश मिलीमीटर फाकतं. घट्ट बसवणीची पकड साधारण तेवढ्यातच असते. म्हणून झटपट तापवा आणि लगेच आवळा.

(दृश्य : हब हातात. त्यावर सीलने कोरलेली बारीक चर.)

ही चर नखाला लागत असेल, तर नुसतं नवं सील बदलून गळती थांबणार नाही. जागा असल्यास सील एक-दोन मिलीमीटर मागेपुढे बसवा, नाहीतर हबवर पातळ स्लीव्ह, म्हणजे चर झाकणारी धातूची नळी, चढवा. सीलच्या ओठाला ऑइल लावा. हब आणि शाफ्टला एकत्र फिरवणारी लोखंडी 'की' खाचेत नीट बसली आहे ना, बघा. हब चढवतानाही हातोडा नाही. मूळ बोल्टाचे दोनचार आटे धरून ओढू नका, शाफ्टचे आटे जातात. लांब बोल्ट खोलवर घालून वॉशर-नटने हब आत ढकला. शेवटी मूळ बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला.

(दृश्य : इंजिन चालू. खाली अंथरलेला कोरडा पुठ्ठा.)