मागच्या बाकावरून भाड्याचा दावा

सीबीएस बसस्थानकाजवळचं नाशिक जिल्हा न्यायालय. सकाळचे साडेदहा. दारावरच्या बोर्डापाशी माना उंचावून माणसं आपला नंबर शोधताहेत.

भद्रकालीतला वाडा असो की पंचवटीतला गाळा, घरमालक-भाडेकरूचा दावा इथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यासमोर चालतो. तो ऐकायला कुणाचं कुणी असावं लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 153-ब नुसार हे खुलं न्यायालय आहे. खोलीत मावतील तेवढ्यांनी बसावं. लोकांना बाहेर ठेवायचं तर न्यायाधीशांना तसा आदेश द्यावा लागतो. फोन मात्र बंद. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नाही.

खरी अडचण, यायचं कधी? ई-कोर्ट्स ॲपवर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, टाकला की पुढची तारीख दिसते, आणि ती कशासाठी तेही. हे 'कशासाठी' नीट वाचा. 'कैफियत' (प्रतिवादीचं लेखी उत्तर) किंवा 'मुद्दे' (वाद नेमका कशावर, ते ठरवणं) असेल तर पुकारा, दोन वाक्यं, पुढची तारीख. चहा थंड व्हायच्या आत सगळं आटोपतं. सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने दिलेली साक्ष, तर शपथपत्रावर लिहूनच येते. यायचं तर उलटतपासणीला, नाहीतर युक्तिवादाला.

थकबाकीच्या दाव्यात कान तारखांकडे ठेवा. लेखी मागणीच्या नोटिशीनंतर मालक 90 दिवस थांबला का? नसेल, तर दावा तिथेच अडतो. भाडेकरूलाही समन्स मिळाल्यापासून 90 दिवस असतात: थकलेलं भाडं, त्यावर 15 टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडंही वेळेवर भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर ताबा जात नाही. एक हप्ता चुकला की मात्र वकिलांचा आवाज चढतो.

जुन्या वाड्यांत वाद निराळा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मालक ती नोटीस पुढे करतो. भाडेकरू विचारतो, इतकी वर्षं दुरुस्ती कुणी केली नाही?

राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नसेल, तर प्रकरण या खोलीत शोधू नका. ते भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातं. तिथे समन्सनंतर 30 दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं कबूल धरतात. ऐकायला फार काही उरत नाही.

आणि दावा मध्यस्थीकडे गेला, तर आत फक्त दोन्ही पक्ष आणि त्यांचे वकील. तिथलं बोलणं गोपनीय असतं. आपण व्हरांड्यात.