पैसा नेमका कशासाठी ठेवलाय?

नमस्कार श्रोतेहो.

माझी बरीचशी नोकरी बँकेच्या ठेव विभागात झाली, आणि निवृत्त झाल्यापासून मी सकाळचा योगवर्ग घेते. या दोन कामांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मला मात्र आता त्यांचा विचार वेगवेगळा करताच येत नाही. आपण पैसा कशासाठी साठवतो आणि श्वासाकडे लक्ष देऊन बसण्याचा त्या प्रश्नाशी काय संबंध, एवढंच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

ठेव विभागात दिवसभर कानावर पडणारं एक वाक्य असतं, "मुदत संपली ना? मग तशीच पुढे टाका." ज्येष्ठ मंडळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावत्या काढायची. पिशवीला रबर गुंडाळलेलं, आत पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मुदतपूर्तीची रक्कम लिहिलेली. एक आजोबा यायचे, त्यांना मोतीबिंदू होता. सही कुठे करायची ते दिसत नसे, म्हणून मी फॉर्मवर बोट ठेवून जागा दाखवायची. ऑपरेशन का करून घेत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "एफडी मोडावी लागेल, व्याज बुडेल." ही एफडी केली होती कशासाठी? "म्हातारपणी दुखलंखुपलं तर असावी म्हणून." दुखणं समोर होतं, पावतीही समोर होती, आणि तरी दोघांची गाठ पडत नव्हती. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याजात साधारण अर्धा-एक टक्का कपात होते. तेवढ्यासाठी माणूस अंधुक नजरेनं वावरत होता.

आजोबांना नावं ठेवायची नाहीत. ज्या पिढीनं रेशनच्या रांगा पाहिल्या, पगाराच्या शेवटच्या आठवड्यात शेजारून वाटीभर साखर आणली, तिच्या हातून पैसा सहज सुटत नाही. पण साठवण्याची सवय इतकी मुरते की ती कशासाठी लागली होती तेच विसरायला होतं, हे मी रोज पाहत होते.

आता एक आकडा सांगते. बँकेच्या ज्या खात्याला दहा वर्षं कुणी हातच लावलेला नाही, किंवा ज्या ठेवीची मुदत संपूनही दहा वर्षांत कुणी ती मागायला आलेलं नाही, ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी असं त्याचं नाव, तो २०१४ साली स्थापन झाला. मार्च २०२४ अखेर बँकांतल्या अशा बेवारस रकमेचा आकडा ७८,२१३ कोटी रुपये होता. यात पत्ते बदललेले लोक आहेत, गावं सोडून गेलेले आहेत, क्षुल्लक शिल्लक ठेवून विसरलेले आहेत. पण ठेव विभागात काम केलेल्या कुणालाही विचारा, यातला मोठा भाग कसा तयार होतो ते तो सांगेल. घरातल्या कर्त्या माणसानं पावती कपाटात ठेवली, कुणाला सांगितलं नाही, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलं नाही आणि एक दिवस तो गेला. पैसा जमवायला आयुष्य दिलं, पण हा कुणाच्या उपयोगी पडायचा आहे हे बोलायला एक संध्याकाळ दिली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यांच्या हातात महिनाअखेरीला काहीच उरत नाही, त्यांना पैशाचं प्रयोजन कुणी शिकवायची गरज नाही. घरभाडं, पोराची फी, आईची औषधं, पेरणीचं बियाणं. पैसा कशासाठी हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. समाधानी राहा असा उपदेश त्यांना करणं मला निर्दयपणाचं वाटतं. माझं आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे, ज्यांचं भागून चार पैसे शिल्लक राहतात आणि तरीही ज्यांची रात्रीची झोप उडालेली असते.

अशी झोप उडालेली मंडळीच योगवर्गात येतात. आल्या आल्या म्हणतात, "मॅडम, आसनं राहू द्या, प्राणायाम शिकवा. टेन्शन कमी झालं पाहिजे." मी प्राणायाम शिकवते. पण त्याआधी पतंजलींनी लावलेला क्रम सांगते. योगाची आठ अंगं आहेत, आणि प्राणायाम त्यांतलं चौथं. पहिलं अंग म्हणजे यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. पाचांपैकी अस्तेय म्हणजे चोरी न करणं आणि अपरिग्रह म्हणजे साठा न करणं, हे दोन तर थेट मालमत्तेशी निगडित आहेत. दुसरं अंग नियम, त्यात संतोष येतो. म्हणजे नाकावर बोटं ठेवण्याच्या कितीतरी आधी शास्त्र आपल्याला विचारतं की तुझ्याजवळ काय आहे, ते कसं आलं आणि आणखी किती हवंय.

अपरिग्रहाचा अर्थ लोक 'सगळं सोडून द्या' असा घेतात आणि तिथेच विषय मिटवतात. पतंजलींच्या योगसूत्रांवर व्यासांचं भाष्य आहे, त्यात अपरिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंच्या मागे येणारे पाच दोष मोजले आहेत. अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा. मिळवायचे कष्ट, मग राखायचे कष्ट, मग घटत जाण्याचं दुःख, मग त्यात अडकलेला जीव, आणि या सगळ्यात कुणाला तरी पोचणारा त्रास. हे वाचलं तेव्हा मला माझा काऊंटर आठवला. आमच्याकडे येणाऱ्यांचं अर्जन केव्हाच संपलेलं असायचं. ते रक्षणात आणि क्षयाच्या भीतीत अडकलेले असायचे. व्याजदर पाव टक्क्यानं उतरला की चेहरे उतरायचे. ज्यांचं त्या पाव टक्क्यावाचून काहीही अडणार नव्हतं, त्यांचेसुद्धा.

आणि भीती वाटली की पहिला बदल श्वासात होतो. तो वर सरकतो, छातीच्या वरच्या भागात तोकडा चालू लागतो. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, शेअर पडले, कर्जाच्या हप्त्याची तारीख आली, की त्या क्षणी आपला श्वास कुठे आहे ते पाहा. पोट घट्ट असतं, आणि श्वास बाहेर टाकायचा राहूनच गेलेला असतो.

या तोकड्या श्वासाचा हिशेब मांडून पाहू, बँकेतल्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० मिलिलिटरच्या आसपास हवा नाक, घसा, श्वासनलिका इथेच राहते. फुप्फुसांच्या ज्या बारीक वायुकोशांत रक्ताशी देवघेव होते, तिथवर ती पोचतच नाही. प्रत्येक खेपेला द्यावी लागणारी ठरलेली हमालीच म्हणा. मिनिटाला १२ श्वास घेतले तर सहा लिटर हवा आत जाते आणि त्यातली ४.२ लिटर कामी येते. तीच सहा लिटर हवा घाबऱ्याघुबऱ्या २४ उथळ श्वासांत घेतली तर कामी येते फक्त २.४ लिटर. आणि मिनिटाला सहाच श्वास, पण प्रत्येक लिटरभराचा घेतला, तर ५.१ लिटर. हवा तितकीच, खेपा कमी.

पण यावरून कुणी असं समजू नका की प्राणायामात जादा प्राणवायू भरून घेतला जातो. ही समजूत फार पसरलेली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं, आणि योगक्रिया प्रयोगशाळेत उपकरणं लावून तपासायला घेतल्या. त्या काळात हे फार धाडसाचं होतं. साधकांनाही ते खटकायचं आणि डॉक्टरांनाही. त्यांच्या मोजमापांत जादा प्राणवायूची कल्पना टिकली नाही. प्राणायामाचं खरं महत्त्व त्यांनी मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात पाहिलं. आज आपल्याला माहीत आहे की श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबवला की मन शांत होतं, ते या वाटेनं. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी ख्रिस्ती लोकांची लॅटिन भाषेतली जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला साधारण सहावर आला. आपल्या आजीच्या माळेला कुणी यंत्र लावलं नाही, पण तिच्या ओवीची लय मला याहून फार वेगळी वाटत नाही.

पतंजली प्राणायामाची व्याख्या करतात ती श्वासोच्छ्वासाच्या गतीचा विच्छेद अशी, आणि पुढच्याच सूत्रात सांगतात की देश, काल आणि संख्या यांनी तो पाहावा. श्वास शरीरात कुठवर पोचतो, किती वेळ चालतो, किती वेळा होतो, हे पाहायचं. श्वासावर जबरदस्ती करायला त्यांनी कुठेही सांगितलेलं नाही.

आत्ता, ऐकता ऐकता करून पाहू या. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका. बाकीच्यांनी पाठ ताठ, पण खांदे सैल ठेवून बसावं. खुर्चीत बसलात तरी चालेल, तळपाय जमिनीला टेकवा. एक हात पोटावर ठेवा. आधी श्वास सोडा. सगळा. घाई नको. आता नाकानं आत घ्या... एक, दोन, तीन, चार. हाताखालचं पोट हलकेच पुढे येऊ द्या. आता नाकानंच सोडा... एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुन्हा आत... एक, दोन, तीन, चार. बाहेर... एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आकडे साधारण सेकंदाचे धरा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. जड गेलं तर तीनात घ्या आणि चारात सोडा. चक्कर आली, गुदमरल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी श्वास रोखून धरू नये. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, ही पुस्तकात वाचून किंवा रेडिओ ऐकून करायची गोष्टच नाही, तो गुरूसमोर बसून शिकायचा.

रोज सकाळी पाच मिनिटं एवढंच करा. माझा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. पैशाचा कोणताही मोठा निर्णय घेण्याआधीही एवढंच करा. ठेव मोडायची की नाही, कर्ज काढायचं की नाही, भावाला जमिनीतला वाटा द्यायचा की कोर्टात जायचं. श्वास खाली उतरला की मग स्वतःला विचारा, हा पैसा मी कशासाठी ठेवला होता? वर्गातल्या एक बाई हे करू लागल्या आणि त्यांना आढळलं की दरमहा त्या ज्या योजनेत पैसे भरत होत्या, ती मुलीच्या लग्नासाठी घेतलेली होती. मुलगी केव्हाच संसाराला लागली होती. त्यांनी ते पैसे स्वतःचे दात नीट करून घ्यायला वापरले. आता त्या भाकरी चावून खातात, आणि मला वाटतं त्या रकमेचा याहून चांगला विनियोग झाला नसता.

पैशाच्या प्रयोजनाचा विचार आपल्याकडे सर्वांत खोलवर कुणी केला असेल तर विनोबांनी, असं माझं मत आहे. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेला हा माणूस. पवनारच्या आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, म्हणजे पैशाचा व्यवहारच टाळून शेती आणि श्रमावर जगायचं. तो आपल्याला झेपणार नाही. भूदान सगळ्यांना ठाऊक आहे, आणि दान मिळालेली बरीच जमीन नापीक किंवा वादातली निघाली हेही ठाऊक आहे. पण १९५२ साली त्यांनी संपत्तिदान मांडलं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. त्यात ते उत्पन्नाचा सहावा हिस्सा मागत. मात्र तो पैसा विनोबा स्वतः हातात घेत नसत. देणाऱ्यानं संकल्प लिहून द्यायचा, पैसा त्याच्याकडेच राहायचा, लोकांच्या कामासाठी त्यानंच खर्च करायचा आणि हिशेब ठेवायचा. पैसा तिजोरीतून हललाही नाही, आणि तरी त्याचं प्रयोजन बदललं. मालक होता तो विश्वस्त झाला. पेटीत नोट टाकून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. यात देणाऱ्याला दर महिन्याला विचार करावा लागतो.

सहावा हिस्सा आज कुणी देईल असं मी म्हणत नाही. पण आपल्या शिल्लकीतला एक भाग, मग तो दोनशे रुपये का असेना, कोणत्या कामासाठी आहे हे वहीत लिहून ठेवणं कुणालाही जमण्यासारखं आहे. कामवालीच्या मुलाची परीक्षा फी, गावच्या वाचनालयाची वर्गणी, एखाद्याचं डायलिसिस. लिहिलं की तो पैसा वेगळा दिसू लागतो.

विश्वस्त हा शब्द बँकेतही येतो, म्हणून जाता जाता थोडं कामाचं. तुम्ही ठेवीला ज्याचं नॉमिनेशन करता तो त्या पैशाचा मालक होत नाही. त्याला रक्कम मिळते ती कायदेशीर वारसांच्या वतीनं सांभाळायला. त्यामुळे नॉमिनी नेमूनही मनात काही वेगळं असेल तर मृत्युपत्र करा, आणि घरात बोला. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही नोंदवता येतं. आणि आईवडिलांची एखादी जुनी ठेव कुठेतरी पडून असेल अशी शंका असेल, तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे. खातेदाराचं नाव, बँकेचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख यांसारखी एक खूण दिली की शोध घेता येतो. तिथे फक्त पत्ता लागतो. पैसे मागण्यासाठी त्या बँकेच्या शाखेतच जावं लागतं, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं न्या. रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेली रक्कमही परत मिळते, मुदत उलटली म्हणून ती बुडत नाही.

नमस्कार.