‘हाड’ म्हणण्याआधी

पहाटे पावणेपाच. साताऱ्याचं एसटी स्टँड. बाकाखाली झोपलेल्या या कुत्रीला चहावाले राणी म्हणतात. झाडूचा आवाज आला, बघा. डोकं उचललं नाही, फक्त डावा कान वळला.

राणी उठते, जांभई देते. ही झोपेची. दुसरी जांभई पुढे येईल.

बॅगवाला मुलगा हात पुढे करून, थेट डोळ्यांत बघत येतोय. चित्र इथे थांबवू. राणीने तोंड फिरवलं. जीभ नाकावरून गेली. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसतेय. आणि ही ती दुसरी जांभई. राणी अवघडलीय. पण शेपूट हलतेय, म्हणून मुलगा बिनधास्त.

आता फक्त शेपूट बघा, सावकाश. खाली गेलेली, नुसतं टोक हलतंय. खुशीत असती तर कंबरेपासून डुलली असती. इटलीतल्या बारीच्या संशोधकांनी 2007 मध्ये 30 पाळीव कुत्र्यांच्या शेपट्या चित्रित केल्या. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त जायची, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. आपल्या नजरेतून हे निसटतं, कुत्र्यांच्या नाही. 2013 च्या प्रयोगात पडद्यावर डावीकडे झुकणारी शेपूट बघून त्यांच्या छातीचे ठोके वाढले.

राणी गुरगुरली. मुलगा मागे सरला, शहाणा आहे. एरवी इथे काठी उगारली जाते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडेलच असं नाही. चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची.

कुत्र्यांशी बोलायला आपल्याकडे शब्द तीन. यू यू, हाड आणि छू. त्यांनी केलेला आपला अभ्यास मात्र बराच पुढे गेलाय. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांना दोनांपैकी एक भांडं बोटाने दाखवलं. कुणी शिकवलेलं नसताना, जवळ आलेल्यांपैकी बहुतेक त्याच भांड्याकडे गेली.

साडेपाच. फलाटापलीकडून काळ्या येतोय. सरळ नाही, वळसा घालून, जमीन हुंगत. कुत्र्यांत सरळ चालून जाणं उद्धटपणाचं. राणी पुढचे पाय पसरते, छाती जमिनीला, मागचा भाग वर.

आता थोडा वेळ आम्ही गप्प बसतो.