मल्चिंग पेपर कुजत का नाही? डबल बाँडचा हिशोब

नमस्कार मंडळी! निफाड-दिंडोरीचे शेतकरी विचारतात, मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाभोवती मातीवर अंथरायचा पॉलिथीनचा कागद, मातीत कुजेल का? बारावीची मुलं विचारतात, पॉलिथीनच्या सूत्रात डबल बाँड, म्हणजे दोन कार्बनमधला दुहेरी बंध, दाखवायचा का? दोन्हींचं उत्तर 'नाही', आणि कारण एकच.

इथीन वायू, जराशी पेरॉक्साइड, 200 अंशांच्या आसपास तापमान, हजार वातावरणांहून जास्त दाब, झालं एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथीन. हे पुस्तकात आहे, पुढे चला.

चूक होते ती इथे. साखळीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा कंसात काढताना मुलं इथीनचा डबल बाँड तसाच ठेवतात. अरे, तो उघडतो म्हणून तर शेजारचा रेणू जोडला जातो! कंसात दोन कार्बनमध्ये एकच रेघ, आणि दोन्हीकडे कंसाबाहेर जाणारी एकेक रेघ. पटत नसेल तर मोजा: डबल बाँडचे दोन, हायड्रोजनचे दोन, बाहेरचा एक. कार्बनला पाच बंध झाले, आणि ते शक्यच नाही. तरीही शंका असेल तर ब्रोमीन पाणी घ्या. इथीन सोडलं की रंग जातो, पॉलिथीनचा तुकडा टाकला तर तसाच राहतो. डबल बाँड उरलेलाच नाही.

उरले नुसते कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजन एकेरी बंध. जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइमना) धरायला जागाच नाही, म्हणून पेपर कुजत नाही. उन्हाने मात्र कडक होऊन त्याचे तुकडे पडतात, आणि ते मातीतच राहतात. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या ऊन सोसण्यासाठीच. त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक पूड, असतो. बागलाणातल्या अर्ली द्राक्षवाल्यांनो, बागेवरचं पारदर्शक आच्छादन घेताना भुरी रोगासाठी गंधक मारता हे दुकानदाराला आधी सांगा. ऊन सोसायला घातलेली काही रसायनं गंधकाने निकामी होतात आणि कागद मुदतीआधी फाटतो.

आता विल्हेवाट. बांधावर पेटवू नका, हात जोडून सांगतो. ढिगात पाइपांचा पीव्हीसी (क्लोरीन असलेलं प्लास्टिक) असला आणि तो जळाला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, नाका-घशाची आग होते. ओळखायला तुकडा धुवा, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून बुडबुडे काढा. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पीव्हीसी तळाला जातो. हे गठ्ठे वेगळे बांधा, कारण वितळवताना थोडासा पीव्हीसीसुद्धा सगळा माल बिघडवतो. मल्चिंग पेपर वाफसा गेल्यावर, माती कोरडी असताना आणि चिंध्या व्हायच्या आत काढा, झटका, मग गुंडाळा. मातीने लडबडलेला गठ्ठा भंगारवाला बहुधा परतच पाठवतो.